मॅन्युअल की ऑटोमॅटिक? आधी ताशी सात किलोमीटरच्या खालचा वेळ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, त्यातला जवळपास अर्धा वेळ गर्दीत. गाडी घरातली दोघं चालवणार, त्यातल्या एकीला परवाना मिळून चारच महिने झालेत. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे. मित्र सांगतात की ऑटोमॅटिक जास्त इंधन खाते आणि बिघडली की दुरुस्ती झेपत नाही. मग काय घ्यावं?

तीस वर्षं मी गिअरबॉक्स आणि क्लच उघडून दुरुस्त करतोय. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. दुकानात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली किमान चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात, आणि त्यांपैकी दोन यंत्रांना गर्दीत तोच त्रास होतो जो मॅन्युअलला होतो. त्यामुळे ‘मॅन्युअल की ऑटोमॅटिक’ हे ठरवायच्या आधी ‘कोणती ऑटोमॅटिक’ हे विचारावं लागतं. आणि त्याचं उत्तर तुमच्या रस्त्यावरच्या एका आकड्यात दडलेलं असतं.

तो आकडा कुठून येतो ते सांगतो. इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांच्या खाली चालत नाही, धडधडतं आणि बंद पडतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या चौदाएक फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. नेहमीच्या लहान गाडीच्या चाकाचा घेर १.९ मीटरच्या आसपास. हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, गाडी ताशी साडेसहा किलोमीटरनं चालते. गाडीगणिक थोडा फरक पडेल, पण सहा-सातच्या पुढे-मागेच. याचा अर्थ असा की शून्य ते सात किलोमीटर या टप्प्यात इंजिन आणि चाकं पूर्ण जोडलेली असूच शकत नाहीत. मधे काहीतरी घसरायलाच हवं. मॅन्युअल गाडीत ते काम क्लच प्लेट करते, स्वतः झिजून आणि तापून.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. आठवडाभर शेजारी बसणाऱ्याच्या हातात कागद द्या. गाडी थांबून पुन्हा निघाली की एक रेघ. रांगेत गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असेल तर प्रत्येक सरकण्याला एक रेघ. एका खेपेत दहा-पंधरा रेघा निघाल्या तर मॅन्युअल गाडी तुम्हाला काही त्रास देणार नाही, आणि तिचा क्लच तुम्ही गाडी विकेपर्यंत टिकण्याची शक्यता दांडगी. साठ-सत्तर रेघा निघाल्या तर मामला वेगळा आहे.

क्लचचं आयुष्य किती, हे मला रोज विचारलं जातं. खरं उत्तर असं की ते गाडीपेक्षा पायावर अवलंबून असतं. माझ्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या यायच्या. एकीची प्लेट ३२ हजार किलोमीटरला कोळसा झाली होती, रिव्हेटं फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर, घासून चरे पडले होते. दुसरीची १ लाख ४० हजाराला उघडली तीसुद्धा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, वाजतं म्हणून. प्लेट अजून चालली असती. पहिले गृहस्थ काही वाईट चालक नव्हते. फक्त चढावर सिग्नलला थांबताना ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय होती, आणि चालताना डावा पाय पेडलवर टेकलेला असायचा. पाय नुसता टेकला तरी रिलीज बेअरिंगवर दाब राहतो. गाडी थांबली की न्यूट्रल, हँडब्रेक, आणि क्लचवरून पाय काढून जमिनीवर: एवढ्यानं आयुष्य दुप्पट झालेलं मी पाहिलंय.

आता त्या घसरण्याच्या टप्प्याकडे बघत चारही ऑटोमॅटिक तपासू.

सगळ्यांत जुनी आणि माझ्या मते सगळ्यांत सोशिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली. मुळात ही कल्पना जहाजांसाठी होती. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे आणि मधे ऑइल. इंजिनाला जोडलेला पंखा ऑइल समोरच्या पंख्यावर फेकतो आणि ते ऑइल त्याला फिरवतं. मधला तिसरा, लहान पंखा परतणारं ऑइल योग्य दिशेला वळवतो, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाच्या जवळपास दुप्पट जोर मिळतो. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे, की शून्य ते सातच्या टप्प्यात इथे घसरतं ते ऑइल. झिजायला प्लेटच नाही. उष्णता होते, पण ती ऑइलबरोबर कूलरकडे जाते. दिवसातून दोनशे वेळा थांबा-निघा, या यंत्राची तक्रार नसते. पूर्वीच्या पुष्कळशा गिअरपेट्यांमध्ये हे ऑइल सतत घसरत राहायचं आणि इंधन वाया जायचं. ‘ऑटोमॅटिक म्हणजे कमी अ‍ॅव्हरेज’ ही समजूत तेव्हाची आहे आणि तेव्हा ती खरीही होती. आता वेग आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडतो आणि घसरण संपते. सहा-आठ गिअर असलेली आजची पेटी मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअलच्या अगदी जवळ जाते. गर्दीत थोडं जास्त इंधन लागेल, पण मित्र सांगतात तितकं नाही.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामधून जाणारा पोलादी पट्टा. पुल्यांच्या बाजू जवळ-दूर होतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि गिअरचं प्रमाण अखंड बदलत राहतं. डाफ या डच कंपनीनं १९५८ साली रबरी पट्ट्याची अशी गाडी आणली होती. पुढे पोलादी पट्टा आल्यावर ही पद्धत जगभर रुळली. जागची हलण्यासाठी आजच्या बहुतेक सीव्हीटीमध्ये पुढे टॉर्क कन्व्हर्टरच असतो, त्यामुळे गर्दीत हीसुद्धा तितकीच निवांत. गिअर बदलताना धक्का नाही, कारण गिअरच बदलत नाही. शहरात अ‍ॅव्हरेज चांगलं देते. ज्यांना खटकते त्यांना आवाज खटकतो: अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन आधी वर ओरडतं आणि गाडी मागून वेग घेते. अर्धा पाय दाबून चालवणाऱ्याला हे जाणवतही नाही. हिच्या बाबतीत मी फक्त एका गोष्टीत कडक आहे. ऑइल कंपनीनं सांगितलेलंच हवं. पट्टा आणि पुली यांची पकड त्या ऑइलच्या गुणांवर ठरते. ‘कुठलंही ऑटोमॅटिक ऑइल चालतं’ म्हणून भलतंच भरलेली पेटी मी उघडली आहे. पुल्यांवर ओरखडे आणि ऑइलमध्ये लोखंडाची भुकटी होती. तिथून परतीचा रस्ता नसतो.

हायब्रिड गाड्यांच्या माहितीपत्रकातही कधी कधी सीव्हीटी लिहिलेलं असतं. १९९७च्या टोयोटा प्रियसपासून चालत आलेली ती रचना निराळी आहे. तिच्यात पट्टाच नाही. एक ग्रहमाला-गिअर (मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणारी लहान दातेरी चाकं) आणि दोन विद्युत मोटरी मिळून ते काम करतात. मला ती सर्वांत कमी बिघडणाऱ्या पेट्यांपैकी वाटते. नुसतं सीव्हीटी हे नाव वाचून तिला नाकारू नका.

आता एएमटी, जिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. हिच्यात मॅन्युअलचीच पेटी आणि मॅन्युअलचाच क्लच असतो. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. स्वस्त पडते, अ‍ॅव्हरेज मॅन्युअलइतकंच देते, आणि तिचा क्लच बहुतेक जागी नेहमीचा मेकॅनिक बदलू शकतो, मात्र नंतर संगणकावरून क्लचची जागा नव्यानं शिकवावी लागते. पण शून्य ते सातच्या टप्प्यात इथे पुन्हा प्लेटच घसरते. रांगेत गाडी ब्रेक सोडल्यावर आपोआप सरकते तेव्हा आत हाफ क्लच चालू असतो, फक्त तुमच्या पायाला ते कळत नाही. आणि नेमकं हेच धोक्याचं आहे. मॅन्युअलमध्ये प्लेट तापली की वास यायच्या आधी पायाला सांगते, पेडलचा ताल बदलतो. एएमटीत ही खबर तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

चढावर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागी तोलून धरणं, हे एएमटीचं सर्वांत मोठं मरण. टॉर्क कन्व्हर्टरवर शिकलेले लोक हे बेधडक करतात. माझ्याकडे जळून आलेल्या एएमटी क्लचपैकी बहुतेकांची गोष्ट हीच होती. ब्रेक दाबून थांबा; ब्रेक दाबलेला असला की यंत्रणा क्लच सोडून देते आणि प्लेट मोकळी राहते. रांगेत वीत-वीत सरकण्यापेक्षा पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम निघा. गिअर बदलताना मान पुढे झुकते ती जोर क्षणभर तुटतो म्हणून. इंजिनाचा आवाज चढत गेला की अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल सोडा, झटका निम्मा होतो. ओव्हरटेक करायच्या आधी हातानं एक गिअर खाली घ्या. अर्धवट ओव्हरटेक झालेला असताना पेटीनं गिअर बदलायला घेतला तर तो अर्धा सेकंद फार मोठा वाटतो.

चौथी डीसीटी, म्हणजे दोन क्लचची. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढचा गिअर आधीच लावून तयार, त्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवतं तोवर होतो. फोक्सवॅगननं २००३ साली गोल्फ आर-३२मध्ये ती रोजच्या वापराच्या गाडीत आणली. चालवायला फार सुंदर. पण विचारायचा प्रश्न एकच: क्लच ऑइलमध्ये बुडालेले आहेत की कोरडे? ऑइलमधले असतील तर उष्णता निघून जाते. कोरडे असतील तर एवढ्याशा जागेत दोन प्लेटा, वारा बेताचा, आणि रांगेत सतत हाफ क्लच. एका गृहस्थांची कोरड्या क्लचची गाडी उन्हाळ्यात रांगेत तिसऱ्यांदा ‘पेटी तापली, गाडी थांबवा’ म्हणाली तेव्हा ते माझ्यासमोर रडकुंडीला आले होते. यंत्रात दोष नव्हता, ते त्या कामासाठी नव्हतंच. साठ-सत्तर रेघांच्या रस्त्यावर मी कोरडी डीसीटी कुणालाही सुचवत नाही.

दुरुस्तीच्या खर्चाबद्दल मित्र बोलले ते अर्धं खरं आहे. पूर्ण पेटी खोलावी लागली तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीचा खर्च मॅन्युअलच्या कितीतरी पट जातो, आणि ते काम जाणणारे हातही कमी. पण तशी वेळ बहुतेकदा ऑइल न बदलल्यामुळे येते. ‘आयुष्यभराचं ऑइल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झेडएफ ही जगभरच्या गाड्यांना ऑटोमॅटिक पेट्या पुरवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या पेट्यांसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की ऑइल बदलायला सांगते. गर्दीतल्या गाडीला मी ६० हजारालाच बदलायला लावतो. तुम्ही गाडी दहा वर्षं ठेवणार, त्यामुळे हे दोनेक वेळा येईल. त्याच काळात गर्दीतल्या मॅन्युअलला एक, कदाचित दोन क्लच लागतील. आणि पुष्कळशा डिझेल गाड्यांत क्लचच्या मागे दुहेरी फ्लायव्हील असतं, ते बदलायची वेळ आली की मॅन्युअलही स्वस्त राहत नाही. दोन्ही बाजूंचा असा पूर्ण हिशेब मांडला की फरक पुष्कळ कमी होतो.

नव्यानं शिकलेल्या चालकाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. चढावर गाडी मागे जाणं, चौकात बंद पडणं, मागून हॉर्न वाजले की घाबरून क्लच झटकन सोडणं: ऑटोमॅटिकमुळे हे बहुतेक सगळं संपतं आणि लक्ष रस्त्यावर राहतं. हा फायदा मोठा आहे. पण एक नवा धोका येतो. मॅन्युअलमध्ये घाबरल्यावर डावा पाय बहुधा क्लचही दाबतो, त्यामुळे चुकीचं पेडल दाबलं तरी इंजिन नुसतं ओरडतं. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी सुसाट निघते, आणि माणूस घाबरून पाय आणखी दाबतो. म्हणून पहिले पंधरा दिवस रिकाम्या मैदानात हळूहळू सरकण्याचा, उलटं घेण्याचा, पार्किंगचा सराव करा. उजवा पाय टाच टेकवून ब्रेकसमोर, डावा पाय बाजूला, तो कुठल्याच पेडलला लागता कामा नये. उतारावर गाडी लावताना आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर स्थिर होऊ द्या, आणि सगळ्यांत शेवटी ‘पी’ (पार्क). ‘पी’मध्ये गाडी आतल्या बोटाएवढ्या खिळीवर उभी असते, सगळं वजन तिच्यावर टाकू नका. लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नका, ‘एल’, ‘एस’ किंवा हाताच्या मोडमध्ये खालचा गिअर घ्या, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. आणि न्यूट्रलमध्ये उतरू नका, कुठल्याच गाडीत.

रस्त्यात बंद पडली तर काय, हेही माहीत असू द्या. मॅन्युअल धक्का मारून सुरू होते, दोरीनं ओढून नेता येते. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी धक्क्यानं सुरू होत नाहीत, आणि चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढल्या तर आतून जळतात, कारण पेटीला ऑइल देणारा पंप इंजिनावरच फिरतो. त्यांना ट्रकवर चढवूनच न्यायचं.

मॅन्युअल मला मनापासून आवडते, हेही सांगायला हवं. मोकळा रस्ता, वळणं, योग्य वेळी हातानं घेतलेला गिअर: तो आनंद खरा आहे आणि त्याच्यासाठी मॅन्युअल घेणारा माणूस चुकत नाही. रोजचा रस्ता रिकामा असेल, गाडी दुर्गम भागात जात असेल किंवा ओझं लादून चढ चढायचे असतील आणि हात सराईत असेल, तर मी आजही तीच सांगेन. मात्र ‘खरा चालक मॅन्युअलच चालवतो’ असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटतं. या भिडेपोटी गुडघा दुखत असताना पाच वर्षं क्लच दाबत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. एक निवृत्त शिक्षिका तर गुडघ्यामुळे गाडी विकायला निघाल्या होत्या. त्यांना ऑटोमॅटिक चालवून दाखवली, आता त्या रोज स्वतः गाडी काढतात.

तर अर्धा वेळ गर्दीत म्हणजे तुमच्या रेघा साठ-सत्तरच्या घरात निघतील असं धरून माझं मत: टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी, जी तुमच्या आवडत्या मॉडेलमध्ये मिळेल ती. बजेट तिथवर जात नसेल आणि रस्ता सपाट असेल तर एएमटी, पण वर सांगितलेली चढावरची शिस्त दोघांनीही पाळणार असाल तरच. रस्त्यावर चढाची रांग असेल आणि कन्व्हर्टरवाली परवडत नसेल, तर एएमटीपेक्षा मॅन्युअल घ्या आणि नव्या चालकाला दोन महिने शांतपणे हात बसवू द्या. तिनं परवान्याची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली असेल तर परवाना आधी नीट वाचा; काही देशांत तेवढ्यावर मॅन्युअल चालवता येत नाही.

गाडी पक्की करायच्या आधी मोकळ्या रस्त्यावरची दहा मिनिटांची फेरी पुरेशी समजू नका. विक्रेत्याला सांगून ती गर्दीच्या वेळी, तुमच्याच रस्त्यावर चालवा. चढावर थांबून निघा. दहा किलोमीटरच्या वेगानं चालत असताना ब्रेक हलका दाबून पुन्हा सोडा आणि पेटी गोंधळते का बघा. उलटा गिअर टाकून अरुंद जागेत वीत-वीत मागे घ्या. कोरड्या क्लचची पेटी इथेच आपला स्वभाव दाखवते. जुनी गाडी घेत असाल तर इंजिन गार असतानाच जा. ‘पी’मधून ‘डी’मध्ये (पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) टाकल्यावर पेटीनं लगेच आणि हलकेच पकड घ्यायला हवी, दोन-तीन सेकंद थांबून धाडकन घेत असेल तर सोडून द्या. ऑइलला जळका वास असेल तरीही. मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा: इंजिनाच्या फेऱ्या चढल्या आणि गाडीचा वेग तिथेच राहिला तर क्लच संपलाय, त्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा. आणि ही फेरी दोघांनीही मारा. शेवटी जिला ही गाडी सर्वांत अवघड जाणार आहे तिचं मत मी तुमच्या मतापेक्षा वर धरेन.